मधपेटीच्या तपासणीची नोंदवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेने एक-दोन किंवा पाच-सहा पेट्या पाळणारे मधपाळ जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. दिवसांचे हिशोब मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीचे आहेत. सातेरी या देशी मधमाशीची कामकरी माशी साधारण एक-दोन दिवस आधी बाहेर पडते, त्यामुळे सातेरी पाळणाऱ्यांनी तेवढी वजाबाकी करावी. ‘ब्रूड’ म्हणजे अंडी, अळ्या आणि झाकण लावलेले कोष, सगळं मिळून. ‘फ्रेम’ म्हणजे पोळं धरणारी चौकट, ‘राणीघर’ म्हणजे नवी राणी वाढवायचं मोठं घर, ‘वाटी’ म्हणजे त्याची सुरुवात, आणि ‘सुपर’ म्हणजे मधासाठी वर चढवायची पेटी.

१. माझ्याकडे दोनच पेट्या आहेत. एवढ्यासाठी वही कशाला? लक्षात राहतं की.

दोन पेट्या असल्या की कोणती कोणती, यातच गोंधळ होतो. मागच्या वेळी राणीघर दिसलं ते डावीकडच्या पेटीत की उजवीकडच्या? दहा दिवसांनी हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शिवाय मधमाशीचं सगळं घड्याळ दिवसांवर चालतं. अंडं ३ दिवस अंडं राहतं. राणी १६ व्या दिवशी बाहेर येते, कामकरी माशी २१ व्या, नर २४ व्या. तारीख हाताशी असेल तर पेटी न उघडताही आत काय चाललं असेल ते मोजता येतं. तारीख नसेल तर दर वेळी पेटी उघडून नव्याने अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येक उघडणं माश्यांना महागात पडतं. ब्रूडभोवतीचं ३४-३५ अंश तापमान मोडलं की ते परत आणायला त्यांना मध जाळावा लागतो.

२. प्रत्येक तपासणीत नेमकं काय लिहायचं?

कमीत कमी पाच गोष्टी: तारीख, पेटीचा क्रमांक, अंडी दिसली का, खायला किती आहे, आणि पुढच्या वेळी काय करायचं. बाकी सगळं यानंतर. पाचवी गोष्ट बहुतेकांच्या वहीत नसते, म्हणून पेटीजवळ गेल्यावर ‘आज आपण कशासाठी आलो होतो?’ असं होतं.

नमुन्यादाखल एक नोंद:

‘पेटी ३. १४/४, सकाळी १०, ऊन, वारा नाही. ब्रूड ५ फ्रेमवर. अंडी फ्रेम ४, ५, ६ वर. राणी शोधली नाही. राणीघराच्या वाट्या ३, तिन्ही रिकाम्या. मध ३ फ्रेम, पराग १. शांत. सुपर चढवला. पुढे: २१/४, वाट्या बघणे.’

हे लिहायला दीड मिनिट लागतं. यातलं ‘राणी शोधली नाही’ हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

३. वही चांगली की मोबाइल अॅप?

जे तुम्ही खरोखर लिहाल ते चांगलं. अॅपमध्ये शोधणं सोपं, आठवण करून देण्याची सोय असते, फोटो नोंदीला जोडता येतात. पण हातमोज्याला राळ लागलेली असताना पडद्यावर बोट चालत नाही आणि मोजे काढले की डंख ठरलेला. वहीचं पान मेणाने चिकटतं, शाई ओल्या हाताने पसरते. म्हणून पेटीजवळ शिसपेन्सिल. ती ओलसर कागदावरही उठते.

मला स्वतःला दोन टप्प्यांची पद्धत जमते. पेटी उघडी असताना फोनवर बोलून रेकॉर्ड करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी वहीत उतरवायचं. ‘त्याच दिवशी’ हे महत्त्वाचं. आठवडाभर साचलेली रेकॉर्डिंग कुणी ऐकत बसत नाही. बोलताना आधी पेटीचा क्रमांक उच्चारा, नाहीतर संध्याकाळी सहा तुकडे ऐकायचे आणि कोणता कुठला ते कळायचं नाही.

झाकणावर वीट ठेवून खूण करणारेही बरेच आहेत: आडवी म्हणजे ठीक, उभी म्हणजे लक्ष द्या, तिरकी म्हणजे राणीचा प्रश्न आहे. दुरून नजर टाकायला ही खूण छान. मात्र विटेवर तारीख नसते, आणि कुणी पाहुण्याने ती सरळ करून ठेवली की सगळंच संपलं.

४. किती दिवसांनी पेटी उघडायची?

थवा बाहेर पडण्याच्या हंगामात (बऱ्याच माश्या राणीसह नवं घर करायला निघतात तेव्हा) दर ७ दिवसांनी, एरवी दोन-तीन आठवड्यांनी, आणि थंडीत किंवा पावसात अगदी गरजेपुरती.

७ दिवसांचं गणित असं. राणीघरात घातलेलं अंडं ३ दिवसांनी फुटतं, अळी पुढे ५ दिवस वाढते आणि ८ व्या दिवशी घरावर टोपी बसते. हवा चांगली असेल तर जुनी राणी थवा घेऊन साधारण याच सुमारास निघते. म्हणजे आज वाट्या रिकाम्या असतील तर सातव्या दिवशी फार तर उघडी अळी सापडेल आणि तुमच्या हातात वेळ असेल. इथे एक पळवाट आहे. आज वाटीत ३ दिवसांचं अंडं होतं आणि तुम्ही आत डोकावलाच नाहीत, तर टोपी पाचव्याच दिवशी बसेल. म्हणून नोंदीत ‘वाट्या आहेत’ एवढं पुरत नाही. ‘आत पाहिलं, रिकाम्या’ किंवा ‘आत पाहिलं नाही’ असं स्पष्ट हवं.

५. अंडी दिसली पण राणी दिसली नाही. ‘राणी नाही’ असं लिहू का?

नको. ‘राणी दिसली नाही’ लिहा. दोन्ही वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंडी दिसली म्हणजे गेल्या ३ दिवसांत राणी इथे होती, आणि रोजच्या कामाला एवढा पुरावा पुरतो. राणीच्या शोधात पेटी अर्धा तास उघडी ठेवण्याची गरज नसते.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका पेटीत सलग दोन तपासण्यांत अंडी नव्हती, राणीही दिसली नाही. मी वहीत ‘राणी नाही’ असं ठणकावून लिहिलं. पुढच्या वेळी पेटी न बघता आपलीच नोंद वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला आणि विकत आणलेली राणी सोडली. दोन दिवसांनी ती दारासमोर मेलेली सापडली. आत एक कोवळी, अजून अंड्यावर न आलेली राणी हिंडत होती. अशी राणी बारीक, चपळ आणि घाबरट असते, फ्रेम उचलली की पलीकडच्या बाजूला पळते. वहीत ‘अंडी नाहीत, राणी दिसली नाही, राणीघर फुटलेलं, टोक गोल कापलेलं’ एवढंच पाहिलेलं लिहिलं असतं तर चूक झाली नसती. कारण टोक गोल कापलेलं राणीघर मी पाहिलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून पानावर एक उभी रेघ मारतो. डावीकडे डोळ्यांना दिसलेलं, उजवीकडे मला वाटलेलं. उजवी बाजू पेन्सिलनेच, आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह.

राणी खरंच नाही याची खात्री करायची असेल तर दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक फ्रेम इथे द्या आणि तारीख लिहा. तीन-चार दिवसांत तिच्यावर राणीघरं ओढायला लागली तर राणी नाही. नाही ओढली, तर बहुधा कुठेतरी राणी आहे.

६. ‘भरपूर मध’, ‘बरंच ब्रूड’ असं लिहितो. चालेल ना?

पुढच्या महिन्यात वाचाल तेव्हा ‘भरपूर’ म्हणजे किती, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. फ्रेम हे माप धरा आणि पाव फ्रेमपर्यंत अंदाज करा. पूर्ण फ्रेम म्हणजे दोन्ही बाजू भरलेल्या. एकच बाजू भरली असेल तर अर्धी. लँगस्ट्रॉथ या मोठ्या पेटीच्या खोल फ्रेमच्या दोन्ही बाजू माश्यांनी गच्च झाकल्या तर तिथे साधारण २००० ते २५०० माश्या असतात. हे हौशी कामाला पुरेसं अचूक आहे. लहान फ्रेमची पेटी असेल तर हजारांच्या भानगडीत न पडता ‘माश्यांनी झाकलेल्या ६ फ्रेम’ एवढंच लिहा.

ब्रूडच्या बाबतीत एक सुंदर पडताळा आहे. कामकरी माशी साधारण ३ दिवस अंडं, ६ दिवस अळी आणि १२ दिवस बंद कोषात असते. राणी रोज सारखीच अंडी घालत असेल तर अंडी, अळ्या आणि बंद ब्रूड यांचं प्रमाण १:२:४ येतं. तपासणीत बंद ब्रूड ४ फ्रेम, अळ्या जेमतेम १ आणि अंडी शोधावी लागली, तर पेटी वरून कितीही भरभराटीची दिसो, गेल्या आठवड्यात राणीचा हात आखडला आहे. उलट अंडी आणि अळ्याच जास्त असतील तर दोन-तीन आठवड्यांनी माश्यांची गर्दी होणार, जागा तयार ठेवा. ही तीन मापं वेगवेगळी लिहिली तरच हे कळतं. ‘ब्रूड ६ फ्रेम’ या एका आकड्यात ते बुडून जातं.

७. फ्रेमना क्रमांक द्यायचे का? मी त्या हलवत असतो.

दोन प्रकारचे क्रमांक असतात आणि त्यांची गल्लत होते. एक जागेचा: पेटीच्या मागे उभं राहून डावीकडून १, २, ३. तपासणीच्या नोंदीत हाच वापरा. कुठून मोजता ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण समोरून मोजलं की सगळं उलटं होतं.

दुसरी खूण फ्रेमची स्वतःची. वरच्या पट्टीवर खिळ्याने किंवा मार्करने ती पेटीत घातली ते वर्ष कोरा. पोळं काळं आणि जड झालं की ते बाद करायचं असतं, आणि तीन-चार वर्षांनी कोणतं आधी काढायचं हे या खुणेवरून एका नजरेत ठरतं.

फ्रेम एका पेटीतून दुसऱ्या पेटीत गेली तर मात्र दोन्ही पेट्यांच्या पानांवर लिहा: ‘२ मधून बंद ब्रूडची १ फ्रेम आली.’ हे कंटाळवाणं आहे आणि हेच सर्वांत जास्त टाळलं जातं. अमेरिकन फाउलब्रूड या अळ्या सडवणाऱ्या रोगाचे बीजाणू पोळ्यात कित्येक दशकं तग धरतात. एका पेटीत सडलेली अळी काडीला लावून ओढली आणि तपकिरी तार निघाली, तर पहिला प्रश्न असतो, या पेटीतून गेल्या वर्षभरात काय काय कुठे कुठे गेलं? तो आठवून सांगण्यासारखा प्रश्न नाही. सुचण्याआधीच सांगतो, अशा संशयाच्या दिवशी हाइव्ह टूल (फ्रेम उचकटायची पट्टी) आणि हातमोजे घेऊन पुढच्या पेटीकडे जायचं नाही.

८. क्रमांक पेटीला द्यायचा, जागेला की राणीला?

लाकूड बदलतं, जागा बदलते, कामकरी माश्या तर काही आठवड्यांत बदलतातच. हौशी माणसाला पेटीचा क्रमांक आणि राणीचा क्रमांक, हे दोन पुरतात. पेटीचा क्रमांक ब्रूडच्या खालच्या पेटीवर ठोका. झाकणावर नको; झाकणं अदलाबदल होतात आणि त्या दिवशी तुमच्या लक्षातही येत नाही.

राणीचा क्रमांक वर्ष आणि अनुक्रमाने द्या. २०२४ सालची तिसरी राणी म्हणजे २४-३. स्वभाव, अंड्यांचा वेग, रोगाला तोंड देण्याची ताकद या गोष्टी राणीबरोबर जातात, म्हणून त्या राणीच्या पानावर. सुपर, औषध, साखरेचा पाक, फ्रेम हे पेटीच्या पानावर. राणी दुसरीकडे हलवली की तिचं पान तिच्याबरोबर जातं. विभाजन केल्यावर काय होतं, ते प्रश्न १४ मध्ये.

९. राणीच्या पाठीवरच्या रंगाचा नियम कोणता?

वर्षाच्या शेवटच्या आकड्यावरून: १ आणि ६ पांढरा, २ आणि ७ पिवळा, ३ आणि ८ लाल, ४ आणि ९ हिरवा, ५ आणि ० निळा. पाच वर्षांनी रंग पुन्हा फिरून येतो, पण तोवर ती राणी बहुधा राहिलेली नसते. रंग लावल्याची तारीख लिहा. खूण केलेली राणी होती आणि आज बिनरंगाची दिसली, तर एक तर रंग खरवडला गेला किंवा माश्यांनी तुम्हाला न विचारता राणी बदलली. दुसरं जास्त वेळा घडतं. नवा राणी क्रमांक द्या आणि पुढे ‘तारीख अंदाजे’ असं लिहा.

१०. पेटी उघडली नाही, नुसतं दारातून पाहिलं. त्याची नोंद होते का?

जरूर. दहा मिनिटं दाराशी बसून बरंच कळतं: पायावर पराग घेऊन येणाऱ्या माश्या, कोणत्या रंगाचा पराग, दारात झुंजी चालल्यात का, जमिनीवर रांगणाऱ्या किंवा पंख आक्रसलेल्या माश्या आहेत का, मेलेल्या अळ्या बाहेर फेकल्यात का. पेटी मागून दोन बोटं उचलून वजनाचा अंदाज घ्या आणि हलकी, मध्यम, जड यापैकी एक लिहा. वजनकाटा असेल तर किलोत. फुलोरा संपल्यावर दोन आठवड्यांत वजन उतरत गेलं, तर पाक द्यायचा की नाही हे झाकण न उघडता ठरतं. नोंदीच्या सुरुवातीला ‘बाहेरून’ असं ठळक लिहा, म्हणजे नंतर अंडी का लिहिली नाहीत याचा घोळ होणार नाही.

११. माश्या चिडक्या आहेत हे आकड्यात कसं लिहू?

१ ते ५. १ म्हणजे फ्रेमवर शांत चालतात, ५ म्हणजे पेटीपासून लांब गेल्यावरही पाठलाग करतात. पण आकड्याशेजारी हवा, वेळ आणि फुलोरा आहे की नाही हे असलंच पाहिजे. ढगाळ संध्याकाळी, मकरंद आटलेला असताना कुठलीही वसाहत ४ वर जाते. त्या एका नोंदीवरून राणी बदलायला निघू नका. चांगल्या हवेत सलग तीन वेळा ४ आला, तर गोष्ट वेगळी.

१२. व्हरोआ (माश्यांच्या अंगावरची परजीवी कीड) मोजला, ९ आले. पुढे काय लिहू?

९ कशातून आले ते. व्हरोआची नोंद त्याशिवाय निरुपयोगी आहे. अर्धा कप म्हणजे साधारण ३०० माश्या स्पिरिटने धुवून ९ किडी निघाल्या, तर दर १०० माश्यांमागे ३, म्हणजे ३ टक्के. मेलिफेरासाठी २-३ टक्क्यांच्या पुढे उपाय करायची वेळ आलेली असते. तेच ९ पेटीच्या तळाशी ठेवलेल्या चिकट फळीवर एका दिवसात पडलेले असतील, तर तो अगदी वेगळा आकडा आहे आणि दोघांची तुलना होत नाही. पिठीसाखरेने हलवून मोजलं असेल तर तसं लिहा, त्या पद्धतीत काही किडी मोजायच्या राहून जातात. ज्या फ्रेमवरून माश्या घेतल्या तिच्यावर राणी नाही हे आधी दोनदा बघा.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे: त्या दिवशी बंद ब्रूड होतं का. ब्रूड असताना बहुतेक किडी झाकणाखाली लपलेल्या असतात, त्यामुळे माश्यांवरचे ३ टक्के म्हणजे प्रत्यक्षात खूप जास्त. ब्रूड नसताना सगळ्या किडी माश्यांवरच असतात. सातेरी ही या किडीची मूळ यजमान. तिच्यात व्हरोआ मुख्यतः नरांच्या ब्रूडमध्येच वाढतो, म्हणून वरची मर्यादा सातेरीला लावू नका.

१३. औषध दिलं की काय काय लिहावं लागतं?

औषधाचं नाव, त्यातला मुख्य घटक, बॅच क्रमांक, किती दिलं, कधी घातलं, कधी काढलं, त्या वेळी सुपर चढवलेला होता का. ‘कधी काढलं’ हे सगळ्यात जास्त राहून जातं. औषधाच्या पट्ट्या ठरलेल्या आठवड्यांनंतरही पेटीत पडून राहिल्या तर किडींना त्या औषधाची सवय होते, म्हणून पट्टी घालतानाच काढायची तारीख ‘पुढे’ या रकान्यात टाका. ऑक्झॅलिक आम्ल झाकणाखाली पोचत नाही, फॉर्मिक पोचतं. त्यामुळे त्या दिवशी ब्रूड किती होतं आणि तापमान किती होतं, हेही हवं. उपायाच्या आधी आणि नंतर मोजणी केली नसेल, तर औषध लागू पडलं की नाही हे कळायचा मार्ग उरत नाही.

औषधांच्या नोंदी ठेवणं बऱ्याच देशांत कायद्याने बंधनकारक आहे, हौशी माणसालाही. तुम्ही राहता तिथला नियम पाहून घ्या आणि पानं फाडू नका.

१४. एका वसाहतीच्या दोन केल्या. किंवा दोन एकत्र केल्या. आता वहीचं काय?

विभाजनात राणी जिकडे गेली तिकडे राणीचं पान. दुसऱ्या अर्ध्याला पेटीचा नवा क्रमांक, आणि राणीच्या जागी ‘राणी येणार, आई २४-३’. दोन्ही पानांवर एकमेकींचा उल्लेख.

एकत्र करताना एक पान बंद होतं. शेवटची ओळ: ‘५/९, पेटी २ मध्ये मिसळली, मध्ये वर्तमानपत्राचा कागद लावून.’ कोणती राणी ठेवली आणि दुसरीचं काय केलं, हे लिहा. बंद पान वहीतून काढू नका. त्या वसाहतीची पोळी आता दुसऱ्या पेटीत आहेत, आणि प्रश्न ७ मधला शोध घ्यायची वेळ आली तर ते पान लागेल.

पकडून आणलेला थवा असेल तर कुठे, कधी, साधारण किती फ्रेम झाकल्या आणि अंडी पहिल्यांदा कधी दिसली ते लिहा. दोन-तीन दिवसांतच अंडी दिसली तर जुनी राणी आली आहे. दीड-दोन आठवडे लागले तर कोवळी.

१५. राणीघरं दिसली. ‘राणीघरं ४’ एवढं पुरेल का?

पुरणार नाही. प्रत्येकाची अवस्था लिहा: रिकामी वाटी, अंडं, अळी, टोपी बसलेलं, टोक गोल कापून राणी बाहेर पडलेलं, किंवा बाजूने कुरतडून आतली राणी मारलेलं. आणि जागा: फ्रेमच्या खालच्या कडेला बरीच असतील तर थवा निघायची तयारी, मधोमध एक-दोनच असतील तर राणी बदलायची. हा नियम लोखंडी नाही, म्हणून जागा डाव्या बाजूला आणि अर्थ उजव्या बाजूला, प्रश्नचिन्हासह (प्रश्न ५ ची रेघ).

१६. थवा निघून गेला. मूळ पेटीत तीन आठवडे अंडी नाहीत. घाबरू का?

अजून नाही. हे पान आधी आकडेमोडीने भरा, मग पेटी उघडा.

थवा गेला तो दिवस ० धरा. राणीघरावर तेव्हा नुकतीच टोपी बसली असेल, तर नवी राणी साधारण ८ व्या दिवशी बाहेर येते. तिला पक्व व्हायला आठवडाभर लागतो, मग हवा उघडेल तसं ती मिलनाला उडते, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी अंडी सुरू होतात. म्हणजे तीन ते चार आठवडे. दुसरीकडे, जुन्या राणीने घातलेल्या शेवटच्या अंड्यांतली माशी २१ व्या दिवशी बाहेर पडते. त्यामुळे २१ ते २८ या दिवसांत पेटीत ब्रूडचा एक कणही नसणं अगदी स्वाभाविक आहे, आणि नेमकं तेव्हाच माणूस घाईघाईने राणी आणायला धावतो. (मी कोणाबद्दल बोलतोय ते प्रश्न ५ वाचलेल्यांना कळलं असेल.)

राणी अचानक मेली किंवा तुमच्याकडून चिरडली गेली, तर माश्या कोवळ्या अळीपासून राणी तयार करतात. ती १२ व्या दिवसाच्या आसपास बाहेर येते, म्हणून सगळं वेळापत्रक चारेक दिवस पुढे ढकला. मिलनाच्या दिवसांत भर दुपारी पेटी उघडू नका; परतणारी राणी गोंधळून भलत्या पेटीत शिरू शकते. नोंदीत लिहा: ‘या तारखेपर्यंत उघडायची नाही.’ हीसुद्धा नोंदच.

चार आठवड्यांनंतरही काही नसेल तर प्रश्न ५ मधली परीक्षेची फ्रेम द्या. आणि एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या आहेत. ती तारीख ठळक लिहा. मात्र नव्याने अंड्यावर आलेली राणीही पहिले काही दिवस कधी कधी एका घरात दोन अंडी घालते. ती तळाशी असतात, भिंतीला नाहीत.

१७. आम्ही दोघे मिळून पेट्या बघतो. दोघांच्या नोंदी जुळत नाहीत.

एकाने बघावं आणि बोलावं, दुसऱ्याने लिहावं. लिहिणाऱ्याने प्रश्न विचारावेत: ‘अंडी कोणत्या फ्रेमवर? वाटीत पाहिलंस?’ या जोडीला मोठी परंपरा आहे. स्वित्झर्लंडचे फ्रांस्वा ह्यूबर (१७५०–१८३१) अंध होते. पेटीत बघायचे त्यांचे मदतनीस फ्रांस्वा ब्युर्नां, आणि विचारायचे ह्यूबर. राणीचं मिलन पेटीबाहेर, हवेत होतं, हे या जोडीच्या निरीक्षणांतून पुढे आलं.

मोजमापात फरक येत असेल तर एकदा एकाच फ्रेमवर दोघांनी स्वतंत्र आकडा लिहा आणि मग ताडून बघा. अर्ध्या फ्रेमचा फरक येणारच. नोंदीपुढे पाहणाऱ्याचं आद्याक्षर टाका, म्हणजे कुणाचा ‘१’ सढळ असतो ते समजतं.

१८. दोन महिने काहीच लिहिलं नाही. आता आठवून भरू का?

फोनमधले फोटो, साखर आणल्याची तारीख, कुणाला पाठवलेला मेसेज, यांचा आधार असेल तेवढंच भरा आणि पुढे ‘नंतर लिहिलं’ असं टाका. बाकी रिकामं सोडा. रिकामी जागा फसवत नाही.

१९. सकाळी दारासमोर मेलेल्या माश्यांचा खच दिसला. आधी काय लिहू?

वेळ, आणि लगेच फोटो. मग किती पेट्यांसमोर आहे: एकाच की सगळ्यांसमोर? सगळ्यांसमोर एकाच दिवशी, जिभा बाहेर आलेल्या, काही थरथरत गोल फिरणाऱ्या, अशा असतील तर फवारणीचा संशय घ्यायला जागा आहे. आजूबाजूला त्या दिवशी काय फवारलं ते विचारून लिहा, सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. दोनेकशे माश्या स्वच्छ डबीत भरून लगेच फ्रीजरमध्ये ठेवा आणि डबीवर तारीख टाका. उन्हात पडलेल्या माश्या तपासणीच्या कामाच्या राहत नाहीत.

२०. वसाहत मेली. आता लिहिण्यासारखं काय उरलं?

सगळ्यात कामाची नोंद हीच, आणि ती कुणीच लिहीत नाही, कारण त्या दिवशी वहीकडे बघवत नाही. आधी दार बंद करा, नाहीतर शेजारच्या माश्या मध लुटून पुरावा साफ करतील आणि रोग असेल तर तोही घेऊन जातील.

मग फ्रेम एकेक काढून लिहा. मेलेल्या माश्या किती आणि कुठे: तळफळीवर ढीग, पोळ्यावर मूठभर, की जवळजवळ नाहीतच? मध शिल्लक आहे का, आणि माश्यांपासून किती लांब? डोकी घरांत खुपसलेली आणि आसपास मधाचा थेंब नाही, हे उपासमारीचं चित्र. माश्या नाहीत पण मध भरपूर, थोडं बंद ब्रूड कुरतडलेलं, आणि ब्रूडच्या घरांच्या वरच्या भिंतीवर पांढरे ठिपके (व्हरोआची विष्ठा), हे व्हरोआचं चित्र. पोळ्यात जाळी आणि बोगदे हे मेणपतंगाचं काम. पण तो बहुतेक वेळा वसाहत आधीच खचल्यावर येतो, म्हणून ‘मेणपतंगाने मारली’ असं उजव्या बाजूलाच लिहा. सातेरी असेल आणि पोळी रिकामी, ब्रूड नाही, मध नाही, मेलेल्या माश्याही नाहीत, तर ती मेलेली नाही, निघून गेली आहे.

यानंतर मागची चार पानं उलटा. निघून जाण्याआधी सातेरी अंडी कमी करत आणते, आणि प्रश्न ६ सारखी मापं लिहिलेली असतील तर ती घसरण तिथे दिसते: अंडी २, मग अर्धी, मग शून्य.

२१. या वह्या किती वर्षं ठेवू?

औषधांच्या नोंदी तुमच्याकडचा नियम सांगेल तितकी वर्षं. राणीची पानं तिच्या मुलींच्या मुली पेटीत आहेत तोवर. बाकीच्या, कपाटात जागा असेपर्यंत. वर्षातून एकदा, माश्यांचं काम थंड असताना, प्रत्येक पेटीची एकच ओळ पहिल्या पानावर उतरवून काढा: पहिला फुलोरा कधी आला, पहिले नर कधी दिसले, पहिलं राणीघर कधी, मध किती किलो, राणी कोणती. तीन-चार वर्षांच्या अशा ओळी एकाखाली एक आल्या की पहिल्या राणीघराच्या तारखा एकमेकींच्या किती जवळ पडतात ते बघा, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दोन आठवडे आधी रिकामे सुपर झाडून ठेवा.